फाईल पूर्ण झाली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. आईजवळ नाही, जिच्या शेजारी एका बाकावर बसून अकरा वर्षं शिकले त्या मैत्रिणीजवळ नाही. देवासमोर तर मुळीच नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी मागत उभी राहते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. उद्या रस्त्यात भेटलात तरी तुम्हाला कळणार नाही की ही तीच.

आणि आधीच सांगून टाकते, मी चिडून लिहिते आहे. दोन वर्षं होत आली, राग उतरलेला नाही. कुणावरचा? त्या मशीनवरचा. आमच्या नानांवरचा. साहेबांच्या घाईवरचा. कुठल्यातरी परमुलखात बसून ज्याने कुणी ठरवलं की एका फाईलला एवढं पुरे, त्याच्यावरचा. ही सगळी रागाला लायक आहेत असं मला अजूनही वाटतं. फक्त ही यादी मी मनात करते तेव्हा एक नाव नेहमी शेवटी ठेवते — आणि तिथवर पोचायच्या आत काहीतरी काम काढून उठते.

मी नगरची. वडिलांच्या हौसेने इंग्रजी शाळेत शिकले. त्या हौसेचा फायदा एवढाच झाला की बाहत्तर साली एका सरकारी कचेरीत मला पंच ऑपरेटरची जागा मिळाली, तीही हंगामी. समोर टाईपरायटरसारखं यंत्र, त्यात जाड कागदाचं कार्ड सरकवायचं, फॉर्मवरची माहिती बघून बटणं दाबायची, कार्डाला भोकं पडतात. ती भोकं पुण्याचा कॉम्प्युटर वाचतो. कचेरीत या यंत्राचं इंग्रजी पुस्तक वाचू शकणारी मी एकटी नव्हते, पण वाचलेली मी एकटीच होते.

नाना आमचे मुख्य कारकून. माणूस वाईट म्हणता येणार नाही, घरी बोलावून पुरणपोळी घालणारा. पण माझं मराठी हा त्यांचा करमणुकीचा विषय. मी लिहिलेल्या नोटेतला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा मी एका शिपायाला हळूच विचारलं, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी-नाईन की फिफ्टी-नाईन? तो प्रश्न नानांच्या कानावर गेला. त्यानंतर महिनाभर मी आत शिरले की ते विचारायचे, "काय मडमबाई, आज एकोणसत्तराव्या मिनिटाला आलात का?" सगळे हसायचे. मीही हसायचे. हसताना किती चीड गिळता येते, ते मला त्या महिन्यात कळलं.

काम होतं विहिरींचं. सलग दोन वर्षं पावसाने दगा दिलेला, जिल्ह्यातल्या टंचाईच्या गावांत बोअरची गाडी पाठवायची होती. गाड्या मोजक्या, गावं शेकड्याने. म्हणून एका विहिरीचा एक फॉर्म, एका फॉर्मचं एक कार्ड — गाव कोणतं, खोली किती, पाणी कुठवर, किती घरं त्यावर पाणी भरतात. सगळी कार्डं कॉम्प्युटरला घालायची आणि त्याने यादी काढून द्यायची की गाडी आधी कुठे जाईल, मग कुठे. माणसाने यादी केली तर आमदाराचं गाव वर जातं. मशीन कुणाचं ऐकत नाही, असं साहेब सारखं म्हणायचे. मलाही ते पटलं होतं.

अकोले तालुक्याचे फॉर्म आले, पारनेरचे आले, श्रीगोंद्याचे आले. पाथर्डीचे काही राहिले. दिवाळीनंतर तिकडची निम्मी गावं ऊसतोडीला गेलेली असतात. विहीर कुणाची, पाणी कोण भरतं, हे सांगायलाच घरात माणूस नसतो. तलाठी एक चक्कर मारून परत जातो. त्या सगळ्या फॉर्ममध्ये अगदी शेवटी आले ते माणकवाडीचे, आणि ते टपालाने आले नाहीत. तिथल्या शाळेचे गुरुजी स्वतः एस.टी.ने घेऊन आले, कापडी पिशवीत, वर वर्तमानपत्र गुंडाळून.

पन्नाशीचे, बारीक अंगाचे गृहस्थ. त्यांनी प्रत्येक विहिरीत दगड बांधून सुतळी सोडली होती आणि सुतळीला गाठी मारून खोली मोजली होती. त्या सुतळ्याही ते बरोबर घेऊन आले होते — कुणी खोटं म्हटलं तर दाखवायला. नाना म्हणाले, सुतळ्या कुठल्या खात्यात जमा करू? गुरुजी त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "बाई, शेवटी आलं म्हणून मागं टाकू नका. आमी मुद्दाम उशीर न्हाई केला."

मी मान हलवली.

फॉर्मच्या तळाशी शेऱ्याचा रकाना होता. बहुतेकांनी तो कोरा सोडला होता, कुणी 'निरंक' लिहिलं होतं. गुरुजींनी मोठ्या विहिरीच्या फॉर्मवर शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरात लिहिलं होतं: 'पाणी तळाशी कपारीत. हंडा बुडत नाही. लहान मुलीस दोराने उतरवून वाटीने भरावे लागते.' मी ते वाचलं. दोनदा वाचलं. कार्डाला ऐंशी रकाने असतात, शेऱ्याला त्यातला एकही दिलेला नव्हता. मी खोलीचा आकडा पंच केला, पाण्याचा आकडा पंच केला आणि पुढचा फॉर्म घेतला. हे मुद्दाम सांगते. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं असं तुम्हाला वाटू नये.

कार्डं झाली चार हजार दोनशे बारा. पाथर्डीतली ती मागे राहिलेली गावं आली त्या क्रमाने गठ्ठ्याच्या शेवटी.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी पुस्तक पुन्हा चाळलं. त्यात एका पानावर खाली, बारीक अक्षरात, एक ओळ होती. त्या मशीनला एका फाईलमधल्या नोंदी मोजायला बाराच घरं दिलेली आहेत, प्रत्येक घरात फक्त शून्य किंवा एक, आणि अशा बारा घरांत चार हजार पंच्याण्णवच्या पुढचा आकडा मावत नाही. पुढच्या नोंदी घेतल्या जाणार नाहीत. बस. नंतर काय करायचं, कुणाला सांगायचं, काही नाही. मला अजून त्या ओळीचा संताप येतो. ज्याने ती लिहिली त्याच्या डोळ्यांसमोर काय असेल? एखाद्या कारखान्याचे नटबोल्ट? त्याला कशाला माहीत असणार की त्या बारीक ओळीवर पाथर्डीतली गावं बसलेली आहेत.

पण मला माहीत होतं. मी मनात वजाबाकी केली. एकशे सतरा. उद्या साहेबांना सांगू की दोन फायली कराव्या लागतील, असं ठरवलं. जीपमध्ये मी मागे बसले होते, पुढे साहेब आणि नाना. शिरूर मागे पडलं तरी वाक्य जुळवत होते — 'नोंदींची कमाल मर्यादा', की 'जास्तीत जास्त संख्या'? चुकीचं मराठी बोलायचं नव्हतं. त्या भीतीने अख्खा रस्ता गेला. हसू नका. किंवा हसा, मला त्याची सवय आहे.

कॉम्प्युटरची खोली काचेची. धूळ नको म्हणून आत एकालाच प्रवेश, तोही चपला काढून. मी आत, साहेब आणि नाना काचेबाहेर. तिथला माणूस मला हुकूम कसे टाईप करायचे ते दाखवून चहाला गेला. आपण एक ओळ टाईप करायची, मशीन खडखड करत त्याच कागदावर उत्तर टाईप करतं, सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत. मी हुकूम दिला. कार्डं एकामागून एक आत जाऊ लागली. बराच वेळ खडखड नाही. मग झाली. दोन शब्द: फाईल फुल. पुढे आकडा, चार शून्य नऊ पाच.

कार्डं मात्र थांबली नाहीत. उरलेलीही सरसर जात राहिली. मशीन ती वाचत होतं आणि टाकून देत होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळा गठ्ठा पोटात गेला.

मी दार किलकिलं केलं. साहेबांनी विचारलं, काय म्हणतंय? मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तोच नाना म्हणाले, "मराठीत सांगा हो, मडमबाई. आम्हाला पण कळू दे."

मी म्हणाले, "फाईल भरली."

"भरली?" नाना म्हणाले. "वांगी आहेत का ती, भरायला?"

साहेब हसले. चहाहून परतलेला तो तिथला माणूसही हसला. माझे कान तापले. मग साहेब, हसू आवरत, घड्याळाकडे बघत म्हणाले, "अगं, पूर्ण झाली म्हणायचंय ना तुला? फाईल पूर्ण झाली?"

आणि मी म्हणाले — हो.

झालं. एवढंच आहे ते. एवढ्याभोवती मी इतका वेळ फिरत होते.

भरली आणि पूर्ण झाली यांतला फरक मला कळत नव्हता का? कळत होता. माझं मराठी कच्चं होतं, पण इतकं कच्चं नव्हतं. पूर्ण झाली म्हणजे सगळं आलं. भरली म्हणजे आता आणखी मावत नाही, बाहेर काय राहिलंय ते बघा. साहेबांनी मला चुकीचा शब्द हातात दिला आणि मी तो घेतला. त्या क्षणी मनात काय होतं तेही सांगते, कारण अर्धं सांगण्यात काही अर्थ नाही. मनात होतं — हसा. हसा आणि घ्या तुमची पूर्ण फाईल. मला त्यांना चुकलेलं बघायचं होतं. बाकी काही नाही. माणकवाडी त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतीच. असती तर बरं झालं असतं, की नव्हती तेच बरं? मी ठरवू शकलेले नाही.

आमची मशीनची वेळ संपायला तेव्हा चाळीस मिनिटं होती. गठ्ठा दोन भागांत घालायला अर्धा तास लागतो. हे मला नंतर कळलं असं नाही.

बाहेर यायच्या आधी मी कागदाचा तो तुकडा फाडून घेतला. घरी आल्यावर चुलीत घातला.

आठवडा-दीड आठवड्याने गुरुजी पुन्हा कचेरीत आले. नाना पलीकडच्याच टेबलावर होते. गुरुजींनी नमस्कार केला, रुमालाने मान पुसली, आणि विचारलं, "आमचं गाव घेतलं का, बाई, मशीनमधी?"

पहिल्या वेळी मी फक्त दुसऱ्याच्या शब्दाला हो म्हटलं होतं. आता शब्द माझा होता. खरं सांगायचं तर नानांसमोर सांगावं लागणार होतं, की पुण्यात मला समजलं होतं आणि मी बोलले नाही. मी म्हणाले, "घेतलं, गुरुजी."

"मग मिटलं," ते म्हणाले. "मानसं टँकरसाठी तालुक्याला धरनं धरून बसायला निघालीत. म्हनलं, आधी बाईंना इचारून येतो. आता सांगतो, गप घरी ऱ्हावा, गाडीच येनार हाय."

ते जिना उतरून गेले. मी खुर्चीतून उठले. दारापर्यंत गेले, एवढं आठवतं. जिना फार मोठा नाही. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नानांनी विचारलं, कुठे निघालात? मी म्हणाले, पाणी प्यायला. आणि खरंच माठातलं पाणी पिऊन परत येऊन बसले.

यादी एप्रिलमध्ये लागली. माणकवाडी त्यात खाली नव्हती. खाली असती तर निदान कुणी भांडलं असतं. ती नव्हतीच. पाथर्डीतली आणखी तीन गावंही नव्हती. कुणीच मोजून पाहिलं नाही. यादीच्या शेवटच्या पानावर मशीनने स्वतःहून छापलं होतं, एकूण नोंदी चार हजार पंच्याण्णव. ते पान साहेबांच्या टेबलावर काचेखाली दोन महिने होतं. चार हजार दोनशे बारा फॉर्मांचे गठ्ठे मागच्या कपाटात होते. एका खोलीत दोन आकडे, आणि त्यांची गाठ घालून देईल असं माणूस एकच. तिला त्या महिन्यात कायम करण्याचा हुकूम आला. कामातील अचूकतेबद्दल, असं त्यात लिहिलं होतं.

बाकीच्या गावांनी मोर्चा नेऊन टँकर मिळवले. यादी कचेरीत लागली होती, माणकवाडीपर्यंत पोचलीच नव्हती; त्यांनी मोर्चा नेला नाही. ते गाडीची वाट बघत होते.

जूनमध्ये गुरुजी तिसऱ्यांदा आले. साहेबांनी त्यांना दारातच सांगितलं होतं की मशीन कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मग ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. तक्रार करायला नाही, नुसतेच. त्यांनी सांगितलं, सुमन म्हणून तिसरीतली पोरगी, हलकी म्हणून तिलाच रोज उतरवायचे. काठावर घासून दोर तुटला. तीन पुरुष उंचीवरून खडकावर पडली. वाचली. पण कमरेचं हाड नीट बसलं नाही. पाय आता फरपटतो. हे सांगताना ते माझ्या टेबलावरची एक टाचणी उचलून पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवत होते.

मी काहीतरी बोलले पाहिजे असं त्यांना माझ्या तोंडावरून वाटलं असावं. ते म्हणाले, "तुमी मनाला लावून घेऊ नका, बाई. तुमी घातलं हुतं. मशीन लई मोठी, तिच्या नजरंत बारकं गाव आलं नसंल."

तुम्हाला राग येतो का मशीनचा? मला येतो. पण मशीनने तर सांगितलं होतं. इंग्रजीत का होईना, दोन शब्दांत का होईना, त्याने कागदावर टाईप करून सांगितलं होतं की आता मावत नाही. त्या सगळ्या प्रकरणात खरं बोललेलं तेवढं एक मशीन होतं, आणि एक चांगला माणूस माझ्यासमोर बसून त्यालाच दोष देत होता. मी तो देऊ दिला. गुरुजींना चहा मागवला.

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म आले. मी न सांगता गठ्ठ्याचे दोन भाग केले, दोन फायली केल्या. का, असं कुणी विचारलंही नाही. नानांनी नाही, साहेबांनी नाही. इतकं ते सोपं होतं. माणकवाडीचं नाव यादीत वरून सहावं आलं. गाडी गेली, पाणी लागलं, हातपंप बसला.

पंपाच्या पूजेला गुरुजींनी कचेरीला पोस्टकार्ड पाठवलं. साहेबांनी मला पाठवलं. शाळेसमोर लोखंडी खुर्ची टाकलेली होती, माझ्यासाठी एकच. गुरुजी उभे राहिले आणि गावाला म्हणाले, "या बाईंनी आपल्या गावाचं नाव मशीनमधी घातलं. दोन साल झटल्या." बायकांनी मला कुंकू लावलं. मग गुरुजींनी कुणालातरी खूण केली आणि पंपाजवळून एक मुलगी खण-नारळ घेऊन निघाली. पंपापासून खुर्चीपर्यंत पंधरा पावलं असतील. तिला वेळ लागला. सगळे थांबले होते.

मी दोन्ही हात पुढे केले आणि घेतलं. तिने वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, कमरेत जमलं नाही, तेव्हा नुसते हात जोडले. टाळ्या वाजल्या. मला मान वर करता येईना. बायकांतून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "बाई लाजल्या बघा." मी तेही खोडून काढलं नाही.